शावी

ब्राझीलच्या सिनेमाची सबटायटल्स मध्येच गेली ती परत आलीच नाहीत. फिल्म क्लबची मंडळी कुरकुरत उठली. मी बसून राहिलो. सकाळी माझ्या वॉर्डात एक आजोबा गेले होते आणि त्यांच्या मुलीशी काय बोलावं ते मला, डॉक्टर असून, सुचलं नव्हतं. न कळणारी भाषाच बरी वाटत होती.

पडद्यावर एक म्हातारा दाराशी खिसे चाचपत होता. आतून बायको ओरडली, "शावी?"

"चावी!" मी मोठ्याने म्हणालो. पुढच्या रांगेतली एक मुलगीही त्याच वेळी "चावी!" म्हणाली आणि वळली.

"पोर्तुगीज येतं तुम्हाला?"

"छे हो. मराठी येतं."

ती हसत माझ्या शेजारी येऊन बसली. मग आम्ही शब्द ओळखत राहिलो: पाव, साबण, बटाटा. शेवटी सिनेमातली म्हातारी गेली, तेव्हा त्यांची एक शेजारीण म्हाताऱ्याजवळ नुसती बसून राहिली. तिथे शब्द लागलाच नाही.

बाहेर स्कूटरपाशी ती पर्स चाचपू लागली.

"शावी?" मी विचारलं.

"सापडत नाहीये. तोवर चहा घेऊ या?"

चावी तिच्या दुसऱ्या हाताच्या करंगळीत लटकत होती.

मी म्हटलं, "घेऊ या."