धुतलेले नकोत

काशीरामने टी-शर्ट उचलला, नाकाला लावला, चांगला दोनदा हुंगला आणि समाधानाने पिशवीत कोंबला.

नम्रताला शिसारी आली. टी-शर्ट तिच्या लेकीचा, मनस्वीचा होता.

भाट्याच्या पुलावर रोज सकाळी धावणाऱ्या बायकांनी स्पर्धेसाठी नवे कपडे घेतले होते. जुने गावाकडच्या गरजूंना द्यायचे, ही कल्पना नम्रताची. ‘धुवून आणा’ असं तिने ग्रुपवर तीनदा लिहिलं. पण कसलं काय! आंबट वासाचे टी-शर्ट, पुठ्ठ्यासारखे कडक झालेले मोजे, सगळं तसंच तिच्या पडवीत येऊन पडलं. शिकल्यासवरल्या बायका या! दान म्हणे.

आणि त्यात हा म्हातारा. हातखंब्यापलीकडच्या वाडीतून शहरात भाजी विकायला यायचा. वाडीसाठी कपडे नेतो म्हणाला, म्हणून तिने बोलावलं होतं.

“काका, ठेवा ते. मी धुवून देते सगळे.”

“धुतलेले नको ओ मॅडम,” काशीराम घाईघाईने म्हणाला. “हेच बरे हायत.”

“बरे? घाण वास मारतायत!”

“म्हणून तर.” तो ओशाळं हसला. मग त्याने दारात उभ्या असलेल्या मनस्वीकडे पाहिलं. “पोर रोज धावते ना? मग हिचे अजून असले तर द्या. धावून आली की तसेच काढून ठेवा.”

नम्रताचं डोकंच फिरलं. “मनस्वी, आत जा!” एकोणीस वर्षांची पोर, आणि हा मेला आजोबाच्या वयाचा!

“काय करायचेत हो तुम्हाला असले कपडे?”

काशीराम चुळबुळला. खाली बघत म्हणाला, “लागतात ओ. कसं सांगू तुम्हाला? कापणी आठवड्यावर आलीय आता.”

“मग कापा की! त्याचा इथे काय संबंध?” तिने पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली. “परवा या.”

मैत्रीण योगिनी म्हणाली, “पोलिसात दे त्याला.” पण नम्रताला लेकीचं नाव चारचौघांत यायला नको होतं. मनस्वीच्या अंगाचा वास त्या माणसाच्या नाकाला पुन्हा लागता कामा नये, बस्स. कपडे कबूल केलेत ना? मिळतील. झकपक मिळतील.

तिने सगळे कपडे डेटॉल घातलेल्या कढत पाण्यात भिजवले, दोनदा घासले, सुगंधी पाण्यातून काढले, उन्हात वाळवले. इस्त्रीसुद्धा केली.

दोन दिवसांनी काशीराम आला. पिशवी उघडून त्याने आत नाक घातलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

“सगळेच धुतलेत?”

“सगळे. आता बसा हुंगत!”

तो पिशवी घेऊन गेला. जिरवली एकदाची, असं नम्रताला वाटलं.

दहा दिवसांनी ती आणि योगिनी ग्रुपसाठी फोटो काढायला वाडीत गेल्या. त्यातला एकही कपडा कुणाच्या अंगावर दिसेना. विकून खाल्ले वाटतं! नम्रता तडक काशीरामच्या घरी गेली. दारात त्याची बायको सुंदराबाई बसली होती.

“काका कुठायत?”

“लोट्याला गेलेत. कंपनीत झाडूपोछ्याचं काम मिळतं का बघायला.”

“या वयात? बरं, आम्ही दिलेले कपडे कुठे आहेत?”

सुंदराबाई उठली आणि तिला घरामागे घेऊन गेली.

मागे भाताचं शेत होतं. कडेने काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीवर एकेक टी-शर्ट चढवला होता. इस्त्रीच्या घड्या अजून दिसत होत्या. आतल्या शेतात एकही लोंबी उभी नव्हती. सगळं तुडवून, उकरून चिखल झाला होता.

“लाज वाटली त्यांना,” सुंदराबाई म्हणाली. “तुम्ही अंगावर घालायला दिलेलं, ते शेताला लावतो म्हणून सांगायचं कसं?” तिने पदराने डोळे पुसले. “रानडुकरं माणसाच्या घामाला भितात, ताई. साबणाला नाय.”