दुसऱ्या कंपनीची रेंज

"कुलूप निघालं, काका. पण एवढ्यात हुरळून जाऊ नका."

फोन दुरुस्त करणाऱ्या बाईने पिन खाली ठेवली. समोरचे काका तीस वर्षं एका मोबाइल कंपनीत टॉवरच्या कामावर होते. निवृत्त होताना कंपनीने त्यांना हा फोन दिला, तोही दुसऱ्या कुणाचं सिम चालणार नाही अशा बेताने आतून कुलूपबंद करून. आता तेच काका ते कुलूप काढून मागत होते, तेही थेट स्पर्धक कंपनीच्या सिमसाठी. बाईला नसत्या चौकशांची भारी खोड. सकाळपासून तिला चैन पडत नव्हतं.

"मग अडलंय कुठे?" काकांनी विचारलं.

"कुलूप निघालं म्हणजे फोन कुणाचंही सिम घेईल, एवढंच. त्या कंपनीचा टॉवर लहरींच्या ज्या पट्ट्यावर बोलतो, तो पट्टा याला ऐकू यायला हवा. पण तुम्ही टॉवरवाले, तुम्हाला मी काय शिकवणार?"

"टॉवरवर चढणं वेगळं आणि फोनच्या पोटात शिरणं वेगळं. तू बघ."

तिच्याकडे पावडरच्या जुन्या डबीत सगळ्या कंपन्यांचं एकेक सिम असायचं. त्यातलं स्पर्धक कंपनीचं तिने फोनमध्ये सरकवलं. 'शोधत आहे' आलं आणि पाठोपाठ 'सेवा नाही'. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला, यादीतून कंपनी हाताने निवडली. बराच वेळ काहीच नाही. मग एक रेघ उमटली, मग दुसरी.

"इथे चालतोय," ती म्हणाली. "नेणार कुठे?"

"खोऱ्यात. मुलगी नर्स आहे, उद्या तिथल्या दवाखान्यात हजर होतेय. एकटीच. एखादी बाळंतीण अडली तर गाडी बोलवायला एवढाच फोन. नवा घेऊन देत होतो, तर म्हणाली, बाबा, तुमचाच द्या, जवळ असला की धीर येतो." काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. "तिथे एकच टॉवर आहे. नऊशेचा पट्टा. मी चौकशी करून आलोय."

बाईने फोनचा मॉडेल नंबर टाकून पट्ट्यांची यादी उघडली आणि बोट खाली खाली नेलं. काका त्या बोटाकडे बघत राहिले.

"आहे. नऊशे आहे. चालेल तुमच्या लेकीला."

काका स्टुलावर टेकले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि काच पुसल्याचं सोंग केलं. बाईलाही बरं वाटलं. पण खोड ती खोड.

"एक विचारू, काका? तीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांचंच सिम का नाही घेतलं?"

"तिथे आमचा टॉवर नाही."

"एवढी बडी कंपनी, आणि अख्ख्या खोऱ्यात एक टॉवर नाही? कुठल्या दीडशहाण्याने ठरवलं हे?"

काकांनी फोन रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. खिशाचं बटण लावलं.

"वीस वर्षांपूर्वी पाहणीला एक माणूस गेला होता. भर दुपारी. माणसं सगळी शेतावर, घरांना कड्या. उन्हात उभं राहून कंटाळला असेल. संध्याकाळपर्यंत काही थांबला नाही. अहवालात लिहिलं, 'इथून फोन करणारं कोणी नाही.'"

"आणि साहेबांनी ते खरं मानलं?"

"मानलं," काका म्हणाले. "माझ्या सहीवर तेव्हा त्यांचा फार विश्वास होता."