खडवलीचं तीर्थ

देवयानीने तीर्थाची बाटली फ्रीजमधून काढली, तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत डावा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्या पायाचा अंगठा गेल्या श्रावणात काढावा लागला होता. साखर अशीच राहिली तर पुढची पाळी पावलाची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात सुहासिनीबाईंनी गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "पुरे झालं मला. यापुढे खडवलीच्या मठातलं तीर्थ तेवढं घेईन." जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, देवापुढे उदबत्ती लावायचाही जिला कंटाळा. देवयानीने समजावलं, भांडली, एकदा रडलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

तीर्थ आणायचं काम सासऱ्यांकडे आलं. मधुकरराव निवृत्तीनंतरची दोन वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. दाढी आठवड्यातून एकदा, बोलणं त्याहून कमी. आता दर सोमवारी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते डोंबिवलीहून खडवलीला जायचे. दुपारी बाटली घेऊन आले की गॅलरीत रेडिओ मोठ्याने लावून बसायचे. तीर्थ द्यायचेही तेच. बाटली हलवून, औषधाच्या टोपणाने मोजून, दोन्ही वेळा जेवणानंतर. हा सोपस्कार बघून देवयानीचं डोकं उठायचं. आधी एकच म्हातारं माणूस हट्टाला पेटलं होतं, आता दोन झाली होती.

परवा सासूबाई सहज म्हणाल्या, "गोड लागतं गं." तिथेच देवयानीचा धीर सुटला. मधुमेहाच्या माणसाला चार महिने साखरपाणी. मधे एक रिपोर्ट बरा आला होता, पण त्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्या रिपोर्टमुळे सासूबाई आता गोळ्यांकडे ढुंकूनही बघणार नव्हत्या.

म्हणून आज, सोमवारी, सासरे गेल्यावर तिने रजा सत्कारणी लावायचं ठरवलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. दरवर्षी सहावीच्या मुलांना हाच प्रयोग मांडून द्यायची. वाळू गाळून निघते, विरघळलेली साखर निघत नाही. तिच्यासाठी पाणी आटवावं लागतं, तेही बेताने, नाहीतर ती करपते.

"काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या तीर्थात किती साखर आहे ते दाखवते. मग तरी गोळ्या घ्याल?"

"बघू," त्या म्हणाल्या आणि शब्दकोड्यात डोकं घातलं.

देवयानीने आधी तीर्थ गाळलं. कागदावर पांढरी भुकटी राहिली. साखर गाळण्यात राहत नाही. तिने गाळलेलं पाणी वाटीत घालून वाटी उकळत्या पातेल्यावर ठेवली. तासाभराने चिकट पाक दिसायला हवा होता. वाटीच्या तळाला कोरडा पांढरा पापुद्रा होता. तिने बोटाने जिभेला लावून पाहिला. आधी गोड, मग कडूजहर.

ती तडक गॅलरीत गेली. रेडिओच्या मागे, दिवाळीपासून हरवलेला पितळी खलबत्ता होता. त्याला पांढरी पूड लागली होती. शेजारी चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्यांची डबी आणि सासूबाईंच्याच औषधाची पाकिटं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने दर आठवड्याच्या चौदा रेघा मारलेल्या होत्या, एकही चुकलेली नव्हती.

देवयानी तिथेच खाली बसली. चार महिने ती ज्या माणसावर मनात चिडत होती, त्याने एक अक्षर न बोलता सासूबाईंचं पाऊल वाचवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि मग भीती वाटली. सासूबाईंना कळलं तर त्या तीर्थही सोडतील.

तिने सगळं जसंच्या तसं ठेवलं, वाटी धुतली आणि बाहेर आली.

"काय निघालं?"

"साखरच. पण अगदी कणभर. चालेल तेवढी, घ्या तुम्ही."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुला खोटं बोलता येत नाही, देवयानी. कडू लागलं ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दहा वर्षं घेतलेली गोळी. पहिल्या घोटाला कळलं."

"आई, मग सरळ गोळीच घ्या ना. उगाच त्यांना कशाला हेलपाटे? या वयात दर आठवड्याला खडवली म्हणजे काय थोडं आहे?"

जिन्यात पावलं वाजली. मधुकरराव काहीतरी गुणगुणत वर येत होते आणि मधल्या मजल्यावर कुणाशी तरी हवापाण्याचं बोलत थांबले होते. सासूबाईंनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"घेईन की गोळी," त्या हळूच म्हणाल्या. "पण मग सोमवारी हे उठतील कशासाठी?"