आईची बाजू

आई गेल्यावर केतकीने बाबांना आयर्लंडमध्ये मलिंगारला आपल्याकडे आणलं. ती हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून घरी येई, तेव्हा ते लॅपटॉपवर जुने स्पॅनिश सिनेमे बघत बसलेले असत.

"बाबा, कळतं का त्यातलं काही?"

"गाड्या कळतात ना! ही डॉज. ती मागची मॉरिस."

आज ते एकच सीन पुन्हापुन्हा मागे नेत होते. डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई फियाट चालवत होती.

"अय्या, आपलीच फियाट!" केतकी हसली. "फक्त स्टिअरिंग उलट्या बाजूला."

"हो. तुझी आई बसायची त्या बाजूला." बाबांनी सिनेमा थांबवला. "शिकवा म्हणून किती मागे लागायची. मी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही."

त्यांनी सीन परत मागे नेला.

"बघ ना, कशी झोकात चालवतेय."