पलीकडची वेणी

थोरली रोज काठी टेकत रस्ता ओलांडून जाई आणि अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीची वेणी घालून देई. चौकातला सिग्नल एआयच्या हवाली झाला आणि गाड्या तुंबू नयेत म्हणून त्याने पायी चालणाऱ्यांचा वेळ निम्म्यावर आणला. तेव्हापासून थोरली फुटपाथच्या कडेला ताटकळते आणि तशीच माघारी फिरते.

धाकटीचा मुलगा वाहतूक कार्यालयात गेला. "साहेब, मावशीला पलीकडे पोचता येईल एवढा तरी वेळ द्या."

"अहो, तिथून आता कुणी रस्ता ओलांडतच नाही. हे बघा," म्हणत साहेबांनी कॅमेऱ्याचं चित्र त्याच्यासमोर धरलं.

"मग ही कोण उभी आहे?"

साहेबांनी चष्मा सावरून पाहिलं.

 

"ते होय? सिस्टीमच्या नोंदीत तो खांब आहे."