जलद लाइनीचा हक्क

कराडच्या शालिनीबाईंच्या पडद्यावर कॅनडातली लेक बोलता बोलता पुन्हा थिजली. भिंतीपलीकडे मात्र घोरपडे वहिनींचा मुलगा मस्कतहून समोर बसल्यासारखा बोलत होता. ते ऐकून शालिनीबाईंचा जीव जळायचा.

सरकारी नियमाने गल्लीतली इंटरनेटची एकुलती एक जलद लाइन आजारी माणसाच्या घराला मिळे. तिच्यावरून इस्पितळ वहिनींचे यजमान घोरपडे यांच्या हृदयावर लक्ष ठेवत असे. घरात आजारी कोणी उरलं नाही, तर लाइन चिठ्ठीत नाव निघालेल्या घराला जायची. चिठ्ठी शालिनीबाईंच्या नावाची निघाली होती, आणि घोरपडे वारून दोन महिने झाले होते.

शेवटी त्यांनी तक्रार केली. अधिकारी आला तेव्हा वहिनींनी वाद घातला नाही. "यांच्यामागे मुलगा तरी रोज नीट दिसत होता, म्हणून कळवलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी लाइन इकडे आली. लेक पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. बोलताना ती सारखी घड्याळाकडे बघत होती.

"आज घाईत आहेस का गं?" शालिनीबाईंनी विचारलं.

"रोजच असते, आई," लेक म्हणाली. "ठेवू?"