कारणाचा रकाना

खोलीत दोन बादल्या होत्या, तीन झाडू, फरशी पुसायच्या द्रवाचे सोळा डबे आणि एक मोडकी खुर्ची. मार्लिस वोपाटने टेप लावून पाहिलं. रुंदी चार फूट, लांबी सहा. खिडकी नव्हती. दिव्याचं बटण बाहेर होतं आणि कडीही बाहेरच, जमिनीपासून पाच फूट दोन इंचांवर. तिने सगळे आकडे वहीत उतरवले.

मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांच्या शाळेतला शिक्षक केटरिंग जरा कडक होता, पण मनाने वाईट नव्हता, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्याने स्वतःहून राजीनामा दिला होता, मग आता हे उकरून काय काढायचं? त्यांनी तिला जेवायला थांबायचा आग्रह केला. गुरुवार होता, मुलांना चिली आणि दालचिनीचा रोल होता. ती थांबली नाही.

शिक्षकांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी पाहणारा राज्याचा जो विभाग, त्याची ती प्रमुख होती. हाताखाली चार तपासनीस, उघडी प्रकरणं तीनशे बारा. त्यातलं हे एक. रॉस केटरिंगने जोसी ब्रँट नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला अकरा वेळा त्या खोलीत कोंडलं होतं. जोसीला वर्गातला गोंगाट सोसत नसे, ती कान झाकून ओरडायची. सर्वांत जास्त वेळ ती आत होती तो दोन तास चाळीस मिनिटं.

जोसीची आई टोन्या दर शुक्रवारी फोन करायची. तिला भरपाई नको होती, माफीही नको होती.

"मॅडम, तो माणूस पुन्हा कुठल्या लेकरासमोर उभा राहायला नको. तेवढं बघा."

मार्लिस दर शुक्रवारी तेच सांगायची, की सुनावणी व्हायची आहे. एकदा टोन्या शांतपणे म्हणाली, "तुमचं बरंय मॅडम. तुमच्याकडे शुक्रवार संपतो तरी."

सुनावणी चौदा महिन्यांनी परवाना मंडळापुढे झाली. केटरिंग आलाच नाही, त्यामुळे त्याचा शिकवण्याचा परवाना रद्द व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर.

परवाना गेलेल्या शिक्षकांची एक यादी खात्याकडे असे. नाव, जन्मवर्ष, गाव आणि कारण. कोणालाही नेमण्यापूर्वी ती पाहणं प्रत्येक शाळेला सक्तीचं होतं. यादीतला माणूस सरकारी शाळेला घेताच येत नसे. खासगी शाळांनी मात्र यादी पाहायची आणि पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचं. कायदा तिथेच थांबला होता.

मंडळाचे वकील कारणाच्या रकान्यात नेहमीसारखं 'अशोभनीय वर्तन' लिहायला निघाले होते. मार्लिस उठून उभी राहिली. त्याच दोन शब्दांखाली वर्गात दारू पिऊन येणारेही आहेत आणि प्रश्नपत्रिका फोडणारेही, ती म्हणाली. खासगी शाळेतल्या माणसाला त्यातून काय कळणार? प्रत्येकाने काय केलं ते सरळ लिहा, आणि सगळ्या यादीत तसंच लिहा. वाचणाऱ्याचा हात थबकला पाहिजे.

तिचा सहकारी ड्वेन फिंक निवृत्तीला टेकला होता. तो सकाळीच गाडीत म्हणाला होता, "तू आपली रकाने भरत बस, मार्लिस. माणसं रकाने वाचतात असं तुला कोणी सांगितलं?"

"नीट लिहिलं तर वाचतील."

"आमच्या बायकोने फ्रीजवर 'केकला हात लावू नका' असं नीट लिहून ठेवलंय. मला केक कुठे आहे ते त्यावरूनच कळतं."

मंडळाने पाच विरुद्ध चार मतांनी मार्लिसचं ऐकलं. सोमवारी सकाळी नोंद चढली : मुलांना कोंडून ठेवणे. त्या दिवशी तिनेच टोन्याला फोन लावला. टोन्या म्हणाली, "आज शुक्रवार नाहीये ना?"

पुढचा फोन तीन आठवड्यांनी आला. केटरिंग पन्नास मैलांवरच्या एका खासगी निवासी शाळेत कामाला लागला होता. दुसरी कुठलीच शाळा घेत नाही अशी एकसष्ट मुलं तिथे राहत होती. टोन्याने त्याला त्या शाळेच्या गाडीतून मुलं उतरवताना पाहिलं होतं.

"तुम्ही म्हणाला होतात, लिहिलंय म्हणून," ती म्हणाली. आवाज चढला नाही.

मार्लिसने शाळेला फोन केला. संचालक बाई फार गोड बोलल्या. हल्ली माणसं मिळत नाहीत, आम्ही कायद्याबाहेर काही केलेलं नाही, कधीही भेटीला या. नेमणूक रद्द करण्याचा अधिकार मार्लिसला नव्हता. एकच वाट उरली होती. शाळेने यादी न पाहताच त्याला घेतलं असेल, तर तो नियमभंग होता, आणि त्यावरून शाळेची मान्यता अडवता आली असती.

"पाहिलीच नसणार त्यांनी," ती ड्वेनला म्हणाली. "ते कारण वाचून कोण घेईल त्याला?"

ड्वेनने या वेळी टोमणा मारला नाही. कोणत्या शाळेने केव्हा काय शोधलं, याची नोंद संगणकात आपोआप राहत असे. त्याने ती छापून घेतली आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

शाळेने यादी पाहिली होती. केटरिंगची नोंद चढल्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी. शोधाचे चार रकाने होते. नाव : रिकामं. जन्मवर्ष : रिकामं. गाव : शाळेपासून साठ मैलांच्या आत. कारण : मुलांना कोंडून ठेवणे.

सापडलेली नावं : एक.